दाबाच्या एककांचे रूपांतर : पुलगावच्या उदाहरणावरून एक विवेचन

१. प्रास्ताविक

एका एककात व्यक्त केलेला दाब दुसऱ्या एककात मांडणे ही क्रिया सामान्यतः केवळ गुणाकाराची मानली जाते. कोष्टकातून गुणक घ्यावा, दिलेल्या अंकास त्याने गुणावे आणि उत्तर लिहावे, एवढेच तिचे स्वरूप असते तर तिच्याविषयी स्वतंत्र विवेचन करण्याचे प्रयोजन उरले नसते. परंतु या व्यवहारात होणाऱ्या चुकांकडे बारकाईने पाहिले, तर त्यांतील पुष्कळशा चुका गुणाकाराच्या नसून वाचनाच्या असतात, असे आढळून येते. याचे कारण असे की, दाब सांगणारे विधान हे बहुधा संक्षिप्त विधान असते. बल किती, ते किती क्षेत्रावर पडते, आणि मोजणी कोणत्या शून्यापासून केली आहे, या तीन गोष्टी त्यात अभिप्रेत असतात. उच्चारली जाते ती मात्र बहुधा एकच. उरलेल्या दोन गोष्टी ऐकणाराने प्रसंगावरून भरून घ्यावयाच्या असतात. हा अध्याहार चुकला म्हणजे गुणाकार कितीही बिनचूक असला तरी उत्तर चुकते.

प्रस्तुत लेखात या अध्याहाराचे स्वरूप स्पष्ट करावयाचे आहे. उदाहरणासाठी वर्धा जिल्ह्यातील पुलगाव हे गाव घेतले आहे. वर्धा नदीच्या काठचे, मुंबई-नागपूर लोहमार्गावरील हे गाव कापसाच्या मुलखात वसलेले असून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तेथे सूतगिरणी उभी राहिली, तर १९१७ साली तेथून आर्वीस जाणारा अरुंद लोहमार्ग सुरू झाला. अशा गावात वाफ, पाणी आणि हवा या तिन्हींच्या दाबाशी माणसांचा संबंध दीर्घकाळ येत राहतो, आणि प्रत्येक पिढीने आणलेली एकके मागील पिढीच्या एककांशेजारी नांदत राहतात.

२. एककांचे थर

भारतात आज आढळणाऱ्या दाबाच्या एककांत तीन थर स्पष्टपणे वेगळे करता येतात. पहिला थर पौंड आणि इंच यांचा होय. वाफेची इंजिने व गिरण्यांची बाष्पके ब्रिटिश बनावटीची अथवा त्या धर्तीची असल्याने त्यांचे दाबमापक 'दर चौरस इंचास पौंड' या एककात आखलेले असत. भारतीय रेल्वेच्या रुंद मार्गावर १९४७ पासून आलेल्या डब्ल्यूपी वर्गाच्या इंजिनांच्या बाष्पकातील दाब याच रीतीने २१० पौंड असा सांगितला जात असे.

दुसरा थर किलोग्रॅम आणि सेंटिमीटर यांचा. १९५६ च्या वजने व मापे यांच्या प्रमाणविषयक कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली व ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अंमलात आली. तेव्हापासून 'दर चौरस सेंटिमीटरास किलोग्रॅम' हे एकक यंत्रशाळांतून रूढ झाले. डब्ल्यूपी इंजिनाचे २१० पौंड या भाषेत १४.८ किलोग्रॅम झाले.

तिसरा थर पास्कलचा. १९६० साली आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीस तिचे नाव मिळाले, आणि 'दर चौरस मीटरास एक न्यूटन' या दाबास 'पास्कल' ही संज्ञा १९७१ साली देण्यात आली. भारतात १९७६ च्या आणि त्यानंतर २००९ च्या वैधमापनशास्त्र कायद्याने हीच पद्धती प्रमाण ठरविली. तरीही चाकात हवा भरणारा पौंडांत बोलतो, ठिबक सिंचनाचे साहित्य विकणारा किलोत बोलतो, हवामानखाते हेक्टोपास्कलमध्ये लिहिते आणि डॉक्टर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. कायद्याने एकक बदलते. बोलण्याची सवय त्या वेगाने बदलत नाही.

३. अध्याहृत पदे

मराठीत दाबाच्या एककाची पूर्ण रचना 'दर चौरस इंचास पंधरा पौंड' अशी होते. फारसीतून मराठीत रुळलेला 'दर' हा शब्द आणि 'इंचास' मधील 'स' हा प्रत्यय या दोहोंनी मिळून वाटणीचा अर्थ व्यक्त होतो. हीच रचना 'दर शेकडा', 'दर माणशी' अशा प्रयोगांत दिसते. शास्त्रीय लेखनात पुढे 'दर' च्या जागी संस्कृत 'प्रति' आला व 'किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर' अशी रचना रूढ झाली. दोन्ही रचनांत दाब हा भागाकार आहे ही गोष्ट शब्दांतूनच कळते.

व्यवहारात मात्र प्रथम गळते ते हे वाटणीचे पदच. 'तीस पौंड हवा', 'दोन किलो दाब' असे प्रयोग होऊ लागतात. त्यानंतर एककाचेही नाव गळते आणि 'पुढच्या चाकांत तीस, मागच्यांत बत्तीस' एवढेच उरते. ऐकणारा आणि बोलणारा एकाच व्यवसायातील असतील तर या संक्षेपाने काहीही बिघडत नाही. उलट भाषेची काटकसर होते. संदर्भ बदलला म्हणजे मात्र गळलेली पदे परत मिळविणे भाग पडते. रूपांतराची पहिली पायरी हीच होय, आणि ती गणिताची नसून अर्थनिर्णयाची आहे.

भागाकाराचे हे स्वरूप घरातील कुकरवरून चांगले ध्यानात येते. समजा, शिट्टीखालच्या छिद्राचा व्यास ३.२ मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.०८ चौरस सेंटिमीटर होते. त्यावर ८० ग्रॅमची शिट्टी ठेवली असता ती उचलण्यास वाफेला दर चौरस सेंटिमीटरास एक किलोग्रॅम एवढा दाब द्यावा लागेल. येथे किलोभर वजन कोठेही नाही. आहेत ते अवघे ८० ग्रॅम. 'एक किलो दाब' म्हणजे एक किलो वजन नव्हे, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

४. गुणकांची सिद्धता

अर्थ निश्चित झाल्यावर गुणक काढणे अवघड नाही. पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलोग्रॅम आणि इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, ही दोन्ही मूल्ये व्याख्येनेच ठरलेली आहेत. वजनाचे बलात रूपांतर करण्यासाठी गुरुत्वीय प्रवेगाचे प्रमाण मूल्य ९.८०६६५ हे घेतले जाते. पौंडाचे बल ४.४४८२ न्यूटन येते. चौरस इंचाचे क्षेत्रफळ ०.०००६४५१६ चौरस मीटर येते. आणि भागाकार ६८९४.७६ पास्कल येतो. याच रीतीने इतर गुणक सिद्ध होतात :

दर चौरस इंचास १ पौंड = ६.८९५ किलोपास्कल
दर चौरस सेंटिमीटरास १ किलोग्रॅम = ९८.०६६५ किलोपास्कल = दर चौरस इंचास १४.२२ पौंड
१ बार = १०० किलोपास्कल
१ प्रमाण वातावरण = १०१.३२५ किलोपास्कल = पाऱ्याचे ७६० मिलिमीटर
पाऱ्याचा १ मिलिमीटर = ०.१३३३ किलोपास्कल
पाण्याचा १ सेंटिमीटर = ०.०९८१ किलोपास्कल

यांपैकी शेवटच्या दोन एककांचा वंश निराळा आहे. तोरिचेल्लीने १६४३-४४ च्या सुमारास पाऱ्याचा स्तंभ हवेच्या दाबाने तोलून धरला जातो हे दाखविले, आणि १६४८ साली पास्कलच्या सूचनेवरून पेरिये याने तो स्तंभ डोंगरावर नेला असता उतरतो हे सिद्ध केले. तेव्हापासून दाब लांबीत सांगण्याची रीत पडली. या रीतीत बल आणि क्षेत्र ही दोन्ही पदे अदृश्य होतात व त्यांच्या जागी द्रवाचे नाव येते. म्हणून येथे द्रवाचे नाव गाळणे म्हणजे एककच गाळणे होय. पारा पाण्याच्या सुमारे १३.६ पट जड असल्याने 'पाऱ्याचा' आणि 'पाण्याचा' या शब्दांतील अंतर तेवढ्याच पटीचे असते.

पाण्याच्या स्तंभाचा एक सोयीचा नियम पाणीपुरवठ्याच्या कामात सर्वांस परिचित असतो. दहा मीटर उंचीचे पाणी दर चौरस सेंटिमीटरास जवळजवळ बरोबर एक किलोग्रॅम दाब देते. पाण्याची पातळी नळापासून पंधरा मीटर उंच असेल, तर पाणी वाहत नसताना तोटीशी दीड किलो, म्हणजे सुमारे २१ पौंड दाब मिळतो.

५. शून्याचा प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन बल आणि क्षेत्र यांच्यापुरते होते. तिसरे अध्याहृत पद म्हणजे शून्य, आणि सर्वांत अधिक घोटाळा त्याच्यामुळेच होतो.

हवेने आपण सर्वकाळ वेढलेले असल्यामुळे बहुतेक दाबमापक बाहेरच्या हवेच्या दाबासच शून्य मानतात. चाक पंक्चर होऊन बसले म्हणजे काटा शून्य दाखवितो; परंतु चाकातील दाब नाहीसा झालेला नसतो, तो बाहेरच्या दाबाइतका झालेला असतो. या मोजणीस मापक-दाब म्हणावे. पूर्ण निर्वातापासून केलेल्या मोजणीस निरपेक्ष दाब म्हणावे. मापक-दाबात स्थानिक हवेचा दाब मिळविला म्हणजे निरपेक्ष दाब येतो. येथे गुणाकार पुरत नाही, बेरीज करावी लागते. आणि बेरजेचा आकडा स्थळाप्रमाणे बदलतो.

पुलगावच्या बाबतीत हा आकडा लक्षणीय आहे. गणितापुरती समुद्रसपाटीपासून उंची २५० मीटर धरली, तर प्रमाण वातावरणाच्या सूत्राने तेथील हवेचा दाब ९८३.६ हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे सुमारे ७३८ मिलिमीटर येतो. पौंडांत तो १४.२७ होतो, किलोग्रॅमांत १.००३. समुद्रकिनाऱ्यावर तो १.०३३ असतो. तात्पर्य, दर चौरस सेंटिमीटरास एक किलोग्रॅम हे एकक मुंबईपेक्षा पुलगावच्या हवेस अधिक चपखल बसते. येथे कुकरच्या आतील निरपेक्ष दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ नेमका दुप्पट असतो.

हाच ९८४ हेक्टोपास्कलचा आकडा दुसऱ्या संदर्भात काय सांगतो हे पाहण्यासारखे आहे. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाच्या केंद्रातील दाब सुमारे ९८४ हेक्टोपास्कलच होता. किनाऱ्यावर जो आकडा भीषण वादळाचा, तोच पुलगावी निरभ्र दिवसाचा. म्हणूनच हवामानाच्या नकाशावर निरनिराळ्या ठिकाणचे दाब समुद्रसपाटीवर आणून मांडले जातात. एकक तेच राहते, परंतु स्थळाची दुरुस्ती होते. वर्तमानपत्रांतील 'कमी दाबाचा पट्टा' या शब्दप्रयोगातील 'कमी' हे विशेषण अशा दुरुस्त केलेल्या आकड्यांविषयीचे असते.

शून्य कोणते मानावयाचे यावर आकड्याची दिशादेखील अवलंबून असते. रेल्वेच्या ब्रेकचा इतिहास याचे उत्तम उदाहरण होय. पूर्वी भारतात सर्वत्र निर्वात-ब्रेक असत. गाडीखालच्या नळीतील हवा काढून घेऊन पाऱ्याचे सुमारे ५३ सेंटिमीटर इतका निर्वात राखला म्हणजे ब्रेक सुटत, आणि नळीत हवा शिरली म्हणजे ते लागत. पुढे त्यांची जागा हवा-ब्रेकने घेतली. यात नळीतील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरास ५ किलोग्रॅम ठेवतात. तो उतरला म्हणजे ब्रेक लागतात. भौतिक दृष्टीने दोन्ही योजना परस्परविरुद्ध आहेत. पहिलीत नळीतील दाब वाढल्याने गाडी थांबते, दुसरीत तो घटल्याने. तथापि दोन्हींत मापकावरचा आकडा घटला की ब्रेक लागतो, हा नियम कायम राहतो. कारण निर्वाताचा आकडा हवेच्या दाबापासून खाली मोजलेला असतो. 'व्हॅक्यूम उतरला' आणि 'प्रेशर उतरले' या दोन वाक्यांची रचना एक, परिणाम एक, परंतु नळीत घडणारी घटना उलट.

या ५३ सेंटिमीटरांचे रूपांतर करताना केवळ गुणाकार केल्यास ०.७२ किलोग्रॅम असे उत्तर येते. हा नळीतील दाब असे समजणे चूक होय. बाहेरच्या हवेपेक्षा नळीतील दाब तेवढ्याने कमी आहे, इतकाच त्याचा अर्थ. पुलगावच्या ७३८ मिलिमीटरांतून ५३० वजा केल्यास २०८ मिलिमीटर उरतात, म्हणजे निरपेक्ष दाब सुमारे ०.२८ किलोग्रॅम. समुद्रसपाटीवर तोच निर्वात राखला तर निरपेक्ष दाब ०.३१ किलोग्रॅम असेल.

शून्याची चूक कोणत्या गणितात बाधते आणि कोणत्यात बाधत नाही, हेही पाहिले पाहिजे. दोन दाबांतील फरक काढावयाचा असेल तर शून्य कोणतेही असले तरी चालते. गुणोत्तर काढावयाचे असेल तर चालत नाही. सकाळी २७ अंश सेल्सिअस तापमानास चाकात ३० पौंड हवा भरली आणि वैशाखातील रस्त्यावर चाकातील हवा ५७ अंशांपर्यंत तापली, असे मानू. निरपेक्ष तापमान ३०० वरून ३३०, म्हणजे १.१ पट झाले. ३० ला १.१ ने गुणून ३३ हे उत्तर काढणे सोपे आहे, परंतु ते चूक आहे. निरपेक्ष दाब ३० अधिक १४.३, म्हणजे ४४.३ होता, चाकाचे आकारमान बदलले नाही असे धरल्यास तो ४८.७ होईल, आणि त्यातून १४.३ वजा केल्यावर मापकावर ३४.४ पौंड दिसतील.

ही संदिग्धता टाळण्यासाठी इंग्रजी लेखनात एककाच्या संक्षेपास निरपेक्ष दाबासाठी 'ए' आणि मापक-दाबासाठी 'जी' हे अक्षर जोडण्याची प्रथा आहे. मराठीत अशी प्रथा रूढ नाही. म्हणून 'निरपेक्ष' किंवा 'मापक' हे विशेषण प्रत्येक वेळी लिहिणे श्रेयस्कर.

६. एक शब्द, अनेक अर्थ

'दाब' या शब्दाची व्याप्ती मराठीत मोठी आहे. रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये, आणि 'उच्च दाबाची वाहिनी' या प्रयोगातील विद्युत्-दाब तर व्होल्टमध्ये. तो या अर्थाने दाबच नव्हे. 'किलो' ची स्थिती याहून नाजूक आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ 'हजार'. बाजारात तो किलोग्रॅम झाला, यंत्रशाळेत दर चौरस सेंटिमीटरास किलोग्रॅम झाला, आणि नव्या उपकरणांवर किलोपास्कलचा पूर्वपद म्हणून येतो. 'दोन किलो' हे शब्द किलोपास्कल समजून वाचल्यास ९८ पटींची चूक होते. उलटपक्षी बार आणि दर चौरस सेंटिमीटरास किलोग्रॅम यांत जेमतेम दोन टक्क्यांचे अंतर असल्याने ते पर्यायशब्दांसारखे वापरले जातात; चाकाच्या बाबतीत ते चालते, मापकाचीच तपासणी करताना चालत नाही.

या प्रकारच्या संदिग्धतेची कापूसबाजारास चांगली ओळख आहे. रुईचा भाव खंडीवर सांगतात, आणि ही खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुमारे ३५५.६ किलोग्रॅमांची असते. धान्याची खंडी वीस मणांची. नाव एक, वस्तूप्रमाणे माप निराळे. बाजारातील माणसे येथे फसत नाहीत, कारण ती प्रथम कशाची खंडी हे विचारतात.

हा प्रश्न रुग्णालयात विचारला गेला नाही तर परिणाम गंभीर होऊ शकतो. कृत्रिम श्वासोच्छ्वासासाठी श्वासनलिकेत जी नळी घालतात, तिच्याभोवती हवेने फुगविलेला लहान फुगा असतो. त्यातील दाब पाण्याचे २० ते ३० सेंटिमीटर राखावा असा संकेत आहे. तो कमी पडल्यास फटीतून लाळ फुप्फुसात उतरते. अधिक झाल्यास श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. येथे '३०' हा आकडा पाऱ्याचे मिलिमीटर समजून राखला तर प्रत्यक्ष दाब पाण्याच्या ४०.८ सेंटिमीटर इतका होतो. पाण्याचे ३० सेंटिमीटर म्हणजे पाऱ्याचे केवळ २२ मिलिमीटर. शेजारीच रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो आणि प्राणवायूच्या नळीचा दाब बारमध्ये. २०२०-२१ च्या साथीत ज्यांना या उपकरणांजवळ तासन् तास उभे राहावे लागले, त्यांच्यासमोर एकाच खाटेपाशी तीन एकके होती. नोंदवहीत आकड्यापुढे एककाचे नाव लिहिणे ही तेथे केवळ शिस्तीची बाब राहत नाही. बेशुद्ध रुग्णास दाब जास्त झाल्याचे सांगता येत नाही.

७. अंकांची अचूकता

रूपांतरात आणखी एक दोष वारंवार दिसतो. तीस पौंडांचे रूपांतर गणकयंत्र २०६.८४३ किलोपास्कल असे देते. परंतु 'तीस' म्हणणाऱ्याच्या मनात एक पौंड इकडे-तिकडे चालेल अशी मुभा असते, आणि एक पौंड म्हणजे जवळजवळ सात किलोपास्कल. अशा स्थितीत दशांशापुढचे तीन अंक मूळ विधानात नसलेली अचूकता त्यास चिकटवितात. येथे २०७, किंबहुना २१०, हे उत्तर अधिक प्रामाणिक होय. याउलट ७६० मिलिमीटर हा आकडा प्रमाण वातावरणाच्या संदर्भात आला असेल तर त्यास १०१.३२५ किलोपास्कल असेच म्हटले पाहिजे, कारण तेथे तो व्याख्येचा भाग आहे. आकडा मोजून आला, अंदाजाने आला की व्याख्येने ठरला, हे ओळखूनच उत्तरातील अंकांची संख्या ठरवावी.

८. समारोप

वरील विवेचनावरून रूपांतराचा क्रम पुढीलप्रमाणे ठरतो. प्रथम विधानातील गळलेली पदे भरून ते पूर्ण वाक्यात लिहावे : कशाचे बल किंवा कोणत्या द्रवाचा स्तंभ, किती क्षेत्रावर, कोणत्या शून्यापासून. नंतर गुणकाने गुणावे. शून्य बदलावयाचे असेल तर त्या स्थळाच्या हवेचा दाब मिळवावा किंवा वजा करावा. निर्वाताचा आकडा असेल तर तो उलट दिशेने मोजलेला आहे हे ध्यानात ठेवावे. शेवटी मूळ आकड्यात होती तेवढीच अचूकता उत्तरात ठेवावी.

या चार पायऱ्यांपैकी दुसरी पायरी आता यंत्र करून देते. पहिली मात्र ज्याला त्या गावाची, त्या धंद्याची आणि त्या उपकरणाची बोली कळते त्यालाच करता येते. पुलगावच्या स्थानकावरील 'पाच', पंपावरील 'तीस' आणि रुग्णालयातील 'एकशे वीस' हे आकडे परस्परांशी ताडून पाहावयाचे झाल्यास त्यांची पूर्ण वाक्ये आधी लिहावी लागतील. ती लिहिली म्हणजे उरलेले गणित शाळेतील मुलासही साधण्यासारखे आहे.